पगाराचा आकडा सांगण्याआधी

एचआरकडून फोन येतो. दोन-चार मिनिटं अनुभवाची चौकशी होते आणि मग प्रश्न येतो, "तुमची अपेक्षा काय आहे?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आताचा पगार अधिक तीस टक्के. कुणी धीर करून चाळीस म्हणतं, कुणी संकोचून वीसवर थांबतं. समोरची व्यक्ती आकडा लिहून घेते आणि त्या क्षणी पुढच्या दोन-तीन वर्षांचा पगार जवळजवळ ठरून जातो. ज्या कामासाठी बोलावलंय त्या कामाला आज बाजारात काय मिळतं, याचा विचार या सगळ्यात कुठेच झालेला नसतो.

माझं मत आधीच सांगते. आताचा पगार हा तुमच्या कामाचा भाव नव्हे. मागच्या कंपनीने, मागच्या परिस्थितीत, तुमच्या त्या वेळच्या गरजेकडे बघून दिलेला तो आकडा आहे. एकाच वर्षी पदवी घेतलेल्या दोघांचं उदाहरण घ्या. एकाला कॉलेजातूनच साडेचार लाखांची नोकरी लागली. दुसऱ्याला गावाजवळच्या लहान कारखान्यात २ लाख ८० हजारांवर सुरुवात करावी लागली. दोघांनीही दोनदा नोकरी बदलली आणि दोन्ही वेळा तीस टक्केच वाढ घेतली. पहिला ७ लाख ६० हजारांवर पोचतो, दुसरा ४ लाख ७३ हजारांवर. सुरुवातीला १ लाख ७० हजारांचं असलेलं अंतर आता २ लाख ८७ हजारांचं झालं, आणि एव्हाना दोघं कदाचित एकाच कंपनीत, शेजारच्या टेबलांवर, तेच काम करत असतील. बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी राहून परतलेल्या बाईचं असंच होतं. कोविडच्या काळात नोकरी गेल्यावर मिळेल ते पत्करलेल्या माणसाचंही असंच होतं. टक्क्यांचा हिशेब जुनी तूट भरून काढत नाही, ती पुढच्या नोकरीत सोबत नेतो.

म्हणून आकडा सांगण्याआधी शोध घ्यायचा. याला फार तर दोन-तीन आठवडे लागतात, पैसे लागत नाहीत.

शोध पदनामाचा घेऊ नका, कामाचा घ्या. बँकेत 'असिस्टंट मॅनेजर' म्हणजे नुकताच रुजू झालेला अधिकारी असतो. चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेच पद मिळायला आठ वर्षं लागतात. त्यामुळे आधी एका कागदावर तुम्ही खरोखर काय करता ते लिहा. किती माणसं हाताखाली आहेत, कुठल्या खर्चावर तुमची सही चालते, ग्राहकाचं ऑडिट तुम्ही स्वतः सांभाळता की कुणाला मदत करता, कोणती प्रणाली हाताळता. 'क्वालिटी इंजिनिअर' असं शोधलंत तर हाती काहीही लागेल. 'आयएटीएफ १६९४९ ऑडिट, पाच वर्षं' असं शोधलंत तर बोलण्याजोगं काही सापडेल. अकाउंट्सवाल्यांचंही तसंच आहे: टॅलीवर नोंदी करणं आणि जीएसटीची विवरणपत्रं स्वतःच्या जबाबदारीवर भरणं ही दोन वेगळ्या भावाची कामं आहेत.

मग कंपनीचा प्रकार बघा. चाकण-रांजणगाव पट्ट्यात गाडी बनवणारी कंपनी, तिला थेट माल पुरवणारी कंपनी आणि त्या पुरवठादाराला माल देणारं वर्कशॉप असे थर आहेत, आणि एकाच पदाचा पगार प्रत्येक थरावर वेगळा असतो. हिंजवडी-खराडीत सेवा देणारी आयटी कंपनी, स्वतःचं उत्पादन विकणारी कंपनी आणि परदेशी बँकेचं किंवा उद्योगाचं इथलं केंद्र यांच्यात तसाच फरक पडतो. कंपनीच्या रोलवर आहात की कंत्राटदाराच्या, हा प्रश्न तर सगळ्यात आधी विचारायचा. शहरही धरा. पुण्यातला आकडा घेऊन नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कंपनीशी बोलायला गेलात तर बोलणं तिथेच अडतं, आणि नाशिकचा आकडा घेऊन मुंबईला गेलात तर वाढलेला पगार घरभाड्यात जातो.

आता सीटीसीकडे, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला जो एकूण खर्च धरते त्याकडे, येते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मित्र म्हणतो, "मला बारा लाखांची ऑफर आहे." आपण मनात महिन्याला एक लाख धरतो. ते बारा लाख उलगडून बघू. समजा त्यात १ लाख २० हजार व्हेरिएबल आहे, बेसिक महिन्याला ५० हजार आहे, आणि त्यावरचा कंपनीचा १२ टक्के पीएफ म्हणजे वर्षाला ७२ हजार सीटीसीतच धरलाय. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे २८,८०० रुपये, धरले आहेत. विम्याच्या हप्त्याचे १५ हजारही त्यातच आहेत. हे सगळं वजा केलं की महिन्याचा ठोक पगार ८० हजारांच्या थोडा वर राहतो. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६ हजार आणि व्यवसाय कर २०० रुपये जातो. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, असं धरूनही हातात येतात सुमारे ७४,१०० रुपये.

शेजारी दुसरी ऑफर ठेवा. सीटीसी ११ लाख, व्हेरिएबल नाही, विमा कंपनी वेगळा भरते, पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर म्हणजे महिना १,८०० रुपये कापला जातो. ग्रॅच्युइटी मात्र पहिल्यासारखीच सीटीसीत धरलेली आहे. इथे महिन्याला हातात ८५,६०० रुपयांच्या आसपास येतात. अकरा लाखांची ऑफर बारा लाखांपेक्षा महिन्याला साडेअकरा हजारांनी जड दिसते! पण इथेही थांबू नका. पहिल्या ऑफरमध्ये तुमचा आणि कंपनीचा मिळून महिन्याला १२ हजार पीएफ साठतो, दुसरीत फक्त ३,६००. तो पैसा तुमचाच आहे. पीएफ धरून वर्षाचा हिशेब मांडला, तर पहिल्या ऑफरमधल्या व्हेरिएबलपैकी साधारण तीस टक्केच मिळाले तरी दोन्ही ऑफर बरोबरीत येतात, आणि पूर्ण मिळाले तर पहिली वर्षाला ८० हजारांहून जास्त पुढे जाते. म्हणजे खरा प्रश्न एकच उरतो: या कंपनीने गेल्या तीन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं? तो एचआरला विचारा आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्यालाही विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर काम करणाऱ्याचं धरा.

जॉइनिंग बोनस पगारात मोजू नका. तो एकदाच मिळतो, आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत सोडून गेलात तर परत मागण्याची अट बहुतेक पत्रांत असते. जुन्या आणि नव्या पत्रांची तुलना करताना आणखी एक गोष्ट पाहा. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार, वेतनात न धरले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतन म्हणूनच मोजला जातो. ग्रॅच्युइटीसारख्या रकमा त्या वेतनावर ठरतात. म्हणून मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या पत्रातली मांडणी तुमच्या पत्रात तशीच असेल असं गृहीत धरू नका.

आकडे आणायचे कुठून? संकेतस्थळं आहेतच. ग्लासडोअर, अँबिशनबॉक्स, आयटीवाल्यांसाठी लेव्हल्स डॉट एफवायआय. ती जरूर बघा, पण सरासरीवर विसंबू नका. तिथे कुणी सीटीसी भरलेली असते, कुणी फक्त ठोक पगार, आणि काही नोंदी जुन्या असतात. किती जणांनी माहिती दिली आहे, कधी दिली आहे आणि आकड्यांचा पल्ला कुठून कुठपर्यंत आहे, एवढंच तिथून घ्या. चार नोंदींवरून काढलेली सरासरी वापरू नका.

त्याहून भरवशाचा एक कागद बहुतेकांना माहीतच नसतो: कंपनीचा वार्षिक अहवाल. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १९७ तिला दरवर्षी काही गोष्टी जाहीर करायला लावतं. प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, तो मध्यक वर्षभरात किती टक्क्यांनी वाढला, आणि व्यवस्थापकीय पदांखेरीज इतर कर्मचाऱ्यांचे पगार सरासरी किती वाढले. मध्यक म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्ये येणारा पगार. समजा अहवालात कार्यकारी संचालकांचा मोबदला ६ कोटी आणि गुणोत्तर ८० दिलंय. भागाकार करा, मध्यक पगार साडेसात लाख निघाला. तुमच्या पदाचा पगार यातून कळत नाही, कारण त्या मध्यकात कारखान्यातले कामगारही असू शकतात. पण एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे मध्यक शेजारी ठेवले की कोण हात सैल सोडतं आणि कोण आखडता घेतं ते दिसतं. सरासरी वाढीचा आकडा तर तुमच्या आताच्या नोकरीतही कामाचा आहे: तुम्हाला सहा टक्के वाढ मिळाली आणि कंपनीने अहवालात नऊ लिहिले असतील, तर बोलायला तुमच्याकडे कंपनीचाच कागद आहे.

बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवालही द्यावा लागतो. त्यात पुरुषांचा आणि स्त्रियांचा मध्यक पगार वेगवेगळा दिलेला असतो, कर्मचाऱ्यांचा वेगळा आणि कामगारांचा वेगळा. दरवर्षी किती टक्के लोक सोडून जातात, तेही तीन वर्षांचं असतं. पाचातला एक माणूस दरवर्षी जात असेल तर त्या कंपनीला माणसांची निकड आहे, आणि निकड असलेल्याशी बोलणी वेगळी होतात. शेकडो पानांच्या अहवालाला घाबरू नका. फाइल उघडून 'मीडियन' हा शब्द शोधला की दहा मिनिटांत काम होतं.

नुकती पदवी घेतलेल्यांसाठी सोय आणखी सोपी आहे. एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी महाविद्यालयं जी माहिती भरतात, तीत नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यक पगार असतो, आणि ती माहिती खुली आहे. जाहिरातीतल्या 'सर्वोच्च पॅकेज'पेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक असतो.

ज्यांच्या कामाला सरकारी समांतर पद आहे, त्यांनी तो तक्ता जवळ ठेवावा. सातव्या वेतन आयोगात नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थेतल्या नर्सिंग ऑफिसरचा सुरुवातीचा मूळ पगार ४४,९०० रुपये आहे, आणि यूजीसीच्या वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचा ५७,७००. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांविषयी मला इथे थोडं जास्त लिहायचंय, कारण इतकं कष्टाचं आणि इतकं कमी पगाराचं काम शहरात दुसरं क्वचितच असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१६मध्ये शिफारस केली होती की २००हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकांना त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात तो फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात फार तर २५ टक्के कमी, आणि ५०हून कमी खाटांच्या ठिकाणीही महिन्याला २० हजारांच्या खाली जाऊ नये. या शिफारशी आहेत, अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. तरीही मुलाखतीला जाताना रुग्णालयाच्या खाटा किती, हे विचारून जा. ज्यांचं काम किमान वेतनाच्या जवळपास आहे त्यांनी महाराष्ट्र सरकारचे दर बघावेत. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा सुधारतो, आणि परिमंडळानुसार, कुशल-अकुशल वर्गानुसार दर बदलतात. त्याखाली बोलणी होऊच शकत नाहीत.

एवढं सगळं झालं तरी उरलेली निम्मी माहिती माणसांकडूनच मिळते. आणि इथे आपण फार अडखळतो. लग्नात भेटलेले लांबचे काका सहज पगार विचारतात, पण चार वर्षं शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला विचारायची आपल्याला लाज वाटते. ही लाज कंपन्यांच्या पथ्यावर पडते. "तुला किती मिळतात?" असं विचारायची गरज नाही. "माझ्यासारखा पाच वर्षं अनुभवाचा माणूस तुमच्याकडे आला तर साधारण कुठल्या बँडमध्ये घेतील? त्यात फिक्स्ड किती?" असं विचारा. माणूस स्वतःचा आकडा लपवतो, पल्ला सांगायला मात्र सहसा तयार असतो. त्याहून चांगलं म्हणजे आधी तुमचा आकडा तुम्ही सांगा. ज्यांनी ती कंपनी गेल्या वर्षभरात सोडली ते सगळ्यात मोकळेपणाने बोलतात. कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे सीनियर, आधीच्या नोकरीतले लोक, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेली मंडळी, यांची यादी करा आणि एकेकाला फोन करा. ग्रुपवर प्रश्न टाकून उत्तर मिळत नाही.

स्त्रियांना माझं एक वेगळं सांगणं आहे. फक्त मैत्रिणींना विचारू नका. त्यांनाही कमीच मिळत असेल तर तुमच्याकडे कमी आकड्यांचीच भर पडेल आणि तो भाव तुम्हाला खरा वाटू लागेल. तेच काम करणाऱ्या निदान तीन-चार पुरुषांना विचारा. त्याच किंवा तशाच कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करायला कायद्याने बंदी आहे, पण भेद झालाय हे दिसण्यासाठी दोन्ही आकडे हातात लागतात.

कन्सल्टंटलाही विचारा. त्यांची फी बहुधा तुमच्या वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्क्यांत कंपनीकडून येते, म्हणून पगार वाढला तर त्यांचंही भलं होतं. पण नेमणूक लवकर उरकली तर त्यांचं अधिक भलं होतं, हेही ध्यानात ठेवा. "या पदाचं बजेट किती आहे?" हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारायचा. उत्तर मिळालं नाही तर दोन वेगळ्या कन्सल्टंटांना अशाच पदाबद्दल विचारा.

परदेशी जाणाऱ्यांचं काम तुलनेने सोपं आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसासाठी कंपनीला कामगार खात्याकडे पद, ठिकाण आणि पगार लिहून अर्ज करावा लागतो. त्या अर्जांची माहिती खातं प्रसिद्ध करतं, आणि प्रत्येक भागातल्या प्रचलित वेतनाचे चार स्तरही बघता येतात. पुण्याहून न्यू जर्सीला पाठवताना कंपनी तुम्हाला कुठल्या स्तरावर दाखवते आहे, ते नक्की विचारा. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीतच पगाराचा पल्ला द्यावा लागतो. युरोपीय संघाच्या २०२३च्या निर्देशाप्रमाणे उमेदवाराला पल्ला आधी सांगायचा आणि जुना पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ची मुदत दिली गेली.

आपल्याकडे जुना पगार विचारायला बंदी नाही. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात, पीएफच्या यूएएनवरून कुठे किती काळ काम केलं ते तपासतात. त्यामुळे आकडा फुगवून सांगू नका, पडताळणीत उघडं पडलं तर हातातली ऑफर जाते. खरा आकडा सांगा, पण तो बोलण्यांचा पाया ठरू देऊ नका: "माझा आताचा पगार इतका आहे. तो मी सुरुवात केली त्या कंपनीच्या मानाने ठरला होता. या कामाला पुण्यात ९ ते ११ लाख फिक्स्ड मिळतात, असं मला चौकशीत दिसलं. माझ्या अनुभवाकडे पाहता मी दहाच्या वर अपेक्षा करतो." एवढं बोलून गप्प बसा. बोलल्यावर येणारी शांतता भरून काढायच्या घाईत लोक स्वतःच आकडा खाली आणतात.

हे म्हणता यावं म्हणून आधी एका वहीत आठ-दहा आकडे लागतात. प्रत्येकापुढे लिहा: फिक्स्ड की सीटीसी, शहर, अनुभव, कंपनीचा प्रकार, माहिती कधीची, कुणाकडून. दोन वर्षांपूर्वीचे आणि ऐकीव आकडे खोडा. उरलेल्यांची गर्दी कुठे होते ते दिसेल. दोन ठिकाणी गर्दी दिसली तर तुम्ही दोन वेगळे बाजार मिसळले आहेत, ते आधी वेगळे करा. मग मागायचा आकडा ठरवा, जो मिळाला तर समाधान होईल तो ठरवा, आणि ज्याखाली नकार द्यायचा तोही ठरवा. हा शेवटचा घरी बसून, घरच्यांशी बोलून ठरवायचा. फोनवर बोलता बोलता तो हमखास खाली घसरतो.

नोकरी बदलायची नसेल तरी हीच वही अप्रेझलला उपयोगी पडते, फक्त वेळ सांभाळा. वाढीचं पत्र एप्रिलमध्ये हातात येत असेल तर आकडा बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच बजेटमध्ये बसलेला असतो. एप्रिलमध्ये नाराजी सांगून मॅनेजरला करण्यासारखं फारसं उरत नाही. चौकशी दिवाळीनंतर सुरू करा आणि डिसेंबरमध्ये वेळ मागून भेटा. वर्षभरात हातून काय झालं त्याचं एक पान न्या, आणि बाजाराचा पल्ला तोंडी सांगा. मित्रांची नावं आणि त्यांचे पगार तिथे उघड करू नका, त्यांनी ते विश्वासाने सांगितले आहेत. उत्तर "बघू" असं आलं तर पुन्हा कधी बोलायचं याची तारीख तिथेच ठरवून घ्या, आणि त्याच संध्याकाळी काय बोलणं झालं ते दोन ओळींत मेल करून ठेवा.